वाढत्या अंगाचा

गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास ह्यांच्या स्वेटरचा शेवटचा टाका मी बंद केला. लोकर तोडली, तिचे टोक फासातून ओढून घेतले आणि सुई रिकामी झाली. विणणाऱ्या बाईला ह्या क्षणी धन्य धन्य वाटत असेल, असा लोकांचा समज आहे. मला तसे कधी वाटलेले नाही. रिकामी सुई हातात आली की मी जराशी ओशाळते. दोन महिने मांडीवर बसलेले कोणी तरी उठून गेल्यासारखे होते. आणि शिवाय आता परीक्षा आली, हे मनात येते. विणणे हा अभ्यास आणि अंगावर चढवणे ही परीक्षा. अभ्यासाची मला लहानपणापासून गोडी. परीक्षेची धास्ती मात्र पंचाहत्तराव्या वर्षीही गेलेली नाही.

तसे पाहिले तर तेव्हाही स्वेटर पुरा झाला नव्हताच. एक पाठ, एक पुढचा भाग आणि दोन बाह्या असे चार तुकडे तयार झाले होते, एवढेच. सुलट-उलट विणीचे तुकडे सुईवरून उतरले की त्यांच्या कडा उन्हात घातलेल्या पापडासारख्या वळतात. त्या वेळी त्यांच्याकडे पाहून ह्यातून माणसाच्या अंगात घालण्याजोगे काही निघेल, असे कोणी म्हणणार नाही. मग ते रिठ्याच्या कोमट पाण्यातून काढायचे, पिळायचे नाहीत, पंचात गुंडाळून दाबायचे आणि सावलीत चटईवर पसरून, हाताने सारखे करीत, सपाट वाळवायचे. दोरीवर घालायची सोय नाही. ओली लोकर आपल्याच वजनाने खाली ओढली जाते. माझ्या एका मैत्रिणीने भावाचा स्वेटर रात्रभर दोरीवर ठेवला, तो सकाळी त्याच्या गुडघ्यापर्यंत आला होता. वाळल्यावर खांदे जोडायचे, बाह्या बसवायच्या, काखेपासून खाली शिवण घ्यायची, आणि सरतेशेवटी गळ्याचे टाके उचलून चार सुयांवर गळपट्टी विणायची. ह्या कामाला कोणी विणकाम म्हणत नाही, त्याचे कोणी कौतुकही करीत नाही; पण उत्तम विणलेला स्वेटर वाईट शिवणीने वाया गेलेला मी किती तरी वेळा पाहिला आहे. मी ह्या कामाला चांगले तीन दिवस दिले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी ह्यांना म्हटले, "अहो, जरा उभे राहता का?"

भाद्रपदातला उकाडा, पंखा पाचावर, आणि आमचे हे लोकरीच्या स्वेटरात! लहान मुलासारखे दोन्ही हात वर करून ते उभे राहिले. मी स्वेटर डोक्यावरून उतरवला. गळा डोक्याला अडला नाही, एक परीक्षा पास झाली. पांढरे केस विस्कटलेले, चष्मा काढलेला, असे ह्यांचे डोके वर आले. ते कपाटाच्या आरशापुढे गेले, एकदा उजवीकडे वळले, एकदा डावीकडे वळले, आणि म्हणाले,

"झकास बसलाय."

स्वेटर बसला की नाही हे घालणाऱ्याला विचारू नये. त्याच्यावर उपकाराचे ओझे असते. पाहणाऱ्याने पाहावे, आणि तेही आधी खांद्यावर. खांद्याचे हाड जिथे संपते तिथे बाहीची शिवण यायला हवी. ती दोन बोटे खाली, दंडावर उतरली होती. खांदा उतरला की बाही आपोआप लांबते. म्हणून मोजून अठरा इंच विणलेली बाही ह्यांच्या बोटांच्या पेरांपर्यंत आली होती. पाठीवर कापडाला दोन उभ्या घड्या पडल्या होत्या. आणि खालची बॉर्डर! दोन सुलट, दोन उलट अशी बॉर्डर आपण का घालतो? ती रबरासारखी आवळते, कमरेला धरून राहते, म्हणून. ह्या बॉर्डरला धरायला काही सापडतच नव्हते. ती परकरासारखी मोकळी लोंबत होती.

"सैल नाही वाटत?" मी म्हटले.

"सैल कुठला! ऐसपैस आहे. आत बनियन, सदरा, वेळ पडली तर तूसुद्धा मावशील."

मी हसले. हे विनोद करू लागले की हसायचे, असा आमच्या घरात चोपन्न वर्षांचा रिवाज आहे. पण त्यांनी बाह्यांची टोके हळूच दुमडून घेतली, ते मी पाहिले होते. आणि मी पाहिले, हे त्यांनीही पाहिले होते.

आता मला कोणी म्हणेल की बाई, तुमचा हिशेब चुकला. तर हिशेब चुकलेला नव्हता. चार पदरी लोकर आणि दहा नंबरच्या सुया घेतल्या की माझ्या हाताचे एका इंचात सात टाके बसतात. तरीही मी आधी चार इंचांचा चौकोन विणून पाहते. अर्ध्या टाक्याचा फरक सुईवर कळत नाही, अंगावर कळतो. २८० टाके सातच्या हिशेबाने चाळीस इंच भरतात. हात जरा सैल पडून इंचाला साडेसहाच बसले, तर तेच टाके त्रेचाळीस इंच होतात. तीन इंच म्हणजे घरातले दुसरे माणूस. म्हणून हे सगळे मी नीट केले होते. चुकले ते माप.

यंदाच्या मे महिन्यात ह्यांच्या पोटाचे ऑपरेशन झाले. बावीस दिवस इस्पितळात काढले. घरी आले तेव्हा एकाहत्तर किलोंचा माणूस एकोणसाठ किलोंचा झाला होता. हा आकडा मला ठाऊक होता. डॉक्टरांच्या कागदावर होता, वाण्याच्या यादीखाली मीच तो कागद टाचून ठेवला होता. आषाढात पाऊस लागल्यावर ह्यांना पहाटे थंडी वाजू लागली. पूर्वी जानेवारीत नुसत्या सदऱ्यावर पर्वती चढणारा माणूस जुलैत शाल मागू लागला. तेव्हा मी ठरवले की यंदा ह्यांना नवा, पुऱ्या बाह्यांचा, खऱ्या लोकरीचा स्वेटर करायचा. दुकानांतून हल्ली बहुतेक ॲक्रिलिकचीच लोकर मिळते. ती दिसते छान, धुवायला सोपी, पण गरम इस्त्री लागली की मरगळते ती कायमची. चार दुकाने हिंडून खरी लोकर आणली, गडद राखाडी. आणि माप घ्यायला फीत काढली तर हे म्हणाले, "माप कशाला? तुला पाठ आहे की!"

मला पाठ होतेच. कपाटातून ह्यांचा जुना निळा स्वेटर काढला, पलंगावर पसरला आणि त्याच्यावरून घेर मोजला, बेचाळीस इंच. पाठीला १४६ आणि पुढे १४६ टाके घातले. समोरच्या खुर्चीत हे बसलेले असत. मनगटावरचे घड्याळ कोपराकडे सरकलेले मला दिसत होते. त्यांच्या ताटात मी तूप वाढत होते, भाताचा दुसरा घास गिळताना पाहत होते. आणि हात मात्र दोन महिने बेचाळीस इंचांचा नवरा विणीत होते!

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू वाटी परत करायला आल्या. हे मुद्दामच स्वेटर घालून बाहेरच्या खोलीत बसले होते. काकूंनी पाहिले, दोन बोटांनी कड चाचपली, वीण उलटून पाहिली आणि निर्मळपणे म्हणाल्या,

"छान झालाय हो! वाढत्या अंगाचा केलात वाटतं?"

शब्द तोंडातून गेल्यावर त्या स्वतःच गोऱ्यामोऱ्या झाल्या. ऐंशीला टेकलेल्या माणसाला वाढत्या अंगाचा स्वेटर! मी काही बोलणार एवढ्यात हे खुर्चीत हसून हसून वाकले. किती दिवसांनी मी त्यांना असे हसताना पाहिले. टाक्यांवर हात दाबून धरून हसत होते बिचारे.

"अगदी बरोबर ओळखलंत वहिनी," ते म्हणाले. "वाढत्या अंगाचाच आहे. संक्रांतीपर्यंत भरून दाखवतो."

'वाढत्या अंगाचा' हा शब्द आमच्या पिढीला नुसता ऐकला तरी गुदगुल्या होतात. आमचे सगळे बाळपणच वाढत्या अंगाच्या कपड्यांत गेले. जूनमध्ये घेतलेला परकर दिवाळीत पायात यायचा थांबे, आणि नीट बसू लागला की तोवर तो विटलेला असे. कपडा बसतो आहे असे वर्ष आम्हांला मिळालेच नाही. आधी आम्ही कपड्याला लहान, नंतर कपडा आम्हांला लहान.

खरे म्हणजे कपडा अंगाला 'बसावा' ही अपेक्षा आपल्याकडे पूर्वी फारशी नव्हतीच. चोळी, अंगरखा सोडला तर आपले सारे वस्त्र अखंड. नऊवारी लुगडे किडकिडीत नव्या नवरीलाही होते आणि तिच्या भारदस्त आजेसासूलाही होते. निऱ्या दोन कमी, नाही तर दोन जास्त. धोतराला माप नाही, उपरण्याला नाही. लोकरही आपल्याकडे होती, नव्हती असे नाही. पण ती धनगराच्या घोंगडीची. माझ्या आजोबांकडे एक काळी घोंगडी होती. चिंचोक्याची खळ दिलेली, सुरुवातीला फळीसारखी ताठ, अंगाला टोचणारी. तिने आजोबांचे भरलेले अंग पाहिले, आजारातले वाळलेले अंगही पाहिले. तिला कधी उसवावे लागले नाही. स्वेटर ही बाहेरून आलेली वस्तू. तो माणसाचे एका वर्षीचे माप घेऊन बसतो आणि मग माणसानेच त्या मापात राहावे असा हट्ट धरतो.

असले पांडित्य दिवसा सुचते. रात्री मात्र झोप लागेना. स्वेटर खुर्चीच्या पाठीवर टाकलेला होता, त्याची बाही जमिनीला टेकली होती. दोन मार्ग होते. एक म्हणजे काखेपासून बाजूच्या शिवणी उसवून, दीड-दीड इंच आत घेऊन पुन्हा शिवायचे. एका दुपारचे काम. घेर आवळला असता. पण आतल्या बाजूला जाड वळ आला असता, आणि आडवे झाल्यावर तो नेमका ऑपरेशनच्या टाक्यांवर रुतला असता. शिवाय शिवणीने घेर कमी होतो, खांदा वर येत नाही. दुसरा मार्ग म्हणजे सारा उसवायचा. आणि उसवायचा म्हणजे काय कबूल करायचे, ते मला अंधारात फार स्पष्ट दिसत होते. हे "संक्रांतीपर्यंत भरून दाखवतो" म्हणाले होते. त्यांनी विनोदात म्हटले होते. मी तो विनोद म्हणून ऐकला नव्हता. स्वेटर तसाच ठेवला तर ते पुन्हा पहिल्यासारखे होतील असे म्हणायला घरात एक साक्षीदार होता. उसवला तर तोही गेला.

डोळे मिटले की माझे विणलेले सारे स्वेटर ओळीने पुढे येत. पैकी एक असा आहे की तो कसा बसला, हे मला अजून ठाऊक नाही.

ती १९६२ ची गोष्ट. मी बारा वर्षांची. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला आणि आठवड्याभराने दिवाळी आली. त्या दिवाळीत आमच्या वाड्यात फटाके वाजले नाहीत. आपले जवान चौदा-चौदा हजार फुटांवर सुती कपड्यांत लढताहेत, असे मोठी माणसे दबल्या आवाजात बोलत. बायका अंगावरचे सोने संरक्षण निधीला देत होत्या. आमच्याकडे सोने होते ते आईच्या गळ्यात, आणि ते देण्याघेण्याच्या प्रश्नावर घरात काय बोलणे झाले ते आम्हां मुलांना कळले नाही. पण शाळेत खाकी लोकर आली. वरच्या वर्गांतल्या मुलींना पाठ आणि पुढचा भाग, आम्हां लहान्यांना बाह्या, अशी वाटणी झाली. माप सगळ्यांना एकच. माझ्या वाट्याला उजवी बाही आली. डावी माझ्या बाकावरच्या मुलीला. ती सैल विणायची, मी घट्ट. दोघींनी टाके सारखे घातले, सुया सारख्या मोजल्या, आणि बाह्या शेजारी ठेवल्या तर एक दुसरीपेक्षा बोटभर लांब! उसवायला वेळ नव्हता. बाईंनी तशाच बसवून टाकल्या.

मी घरी येऊन रडले. कोण तो जवान, त्याचा एक हात झाकणार आणि एक मनगट उघडे राहणार. आईला विचारले, "बसेल का गं त्याला?"

आई तव्यावर भाकरी टाकीत होती. म्हणाली, "थंडीत कुणी आरशात बघत नाही."

पुढे नोव्हेंबरच्या २१ तारखेला लढाई थांबली. यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला असे जो तो म्हणू लागला. आमचे गठ्ठे त्यानंतर गेले. माझी ती उजवी बाही कोणाच्या हातात गेली, की कुठल्या कोठीत पडून राहिली, कोण जाणे. पुष्कळ वर्षे थंडी पडली की मला ते एक मनगट आठवत असे.

दुसरा स्वेटर ह्यांचाच, पहिलावहिला. १९७१ च्या मे महिन्यात आमचे लग्न झाले. दादरला चाळीत दोन खोल्या, आणि मुंबईत स्वेटर म्हणजे गोव्यात छत्री विसरण्याइतकाच, नाही, उलटच म्हणायला हवे, इतका निरुपयोगी. पण जानेवारीत ह्यांना ऑफिसच्या कामासाठी दीड महिना दिल्लीला जायचे होते, म्हणून मी लोकर आणली. डिसेंबरच्या ३ तारखेला पाकिस्तानशी लढाई जुंपली, मुंबईत रात्री अंधार पाळायचा हुकूम झाला. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवून आम्ही बसत असू. सासूबाई जप करीत, मी अंधारात विणीत असे. साध्या विणीला डोळे लागत नाहीत, बोटांना टाका कळतो. ह्यांची छाती तेव्हा सदतीस. दोन्ही भागांना १३८ टाके घातले होते. पण नवे घर, नव्या सासूबाई, वर विमानांची भीती. हात इतका आवळला की इंचाला सातच्या जागी आठ टाके बसले. अंधारात मोजायचे कसे? तयार झाला तेव्हा ३४॥ इंचांचा निघाला. हे मोठ्या हिमतीने त्यात शिरले. शिरले ते शिरले, निघता येईना. मी बाह्या ओढते आहे, हे वाकून उभे, डोके आत अडकलेले, आतून "श्वास, श्वास" असा आवाज येतो आहे. सासूबाई जपाची माळ हातात तशीच धरून म्हणाल्या,

"सूनबाईंचा हात आखडता दिसतोय."

तो स्वेटर तेरा वर्षांच्या माझ्या धाकट्या दिराला झाला. त्यालासुद्धा, वाढत्या अंगाचा. पुढे सासूबाईंनी मला स्वतःजवळची एक वही दिली. प्रत्येकाचे माप तारीख घालून लिहीत जा म्हणाल्या. ती अजून माझ्याकडे आहे. ह्यांचे पान असे: १९७१, छाती ३७. १९७९, ३८॥. १९९०, ४०. त्यापुढे काही नाही. त्यानंतर मी माप घेतलेच नाही, पाठ झाले म्हणून. पस्तीस वर्षे!

मध्यंतरी विणणेही कमी झाले होते. लुधियानाचे यंत्रावरचे स्वेटर सगळीकडे आले. थंडीच्या दिवसांत तिबेटी बायका रस्त्याकडेला रंगीत ढीग लावून बसू लागल्या. मुलीला तेच आवडत. हातविणीच्या स्वेटरला निव्वळ लोकरच तयार स्वेटरापेक्षा महाग पडते, हे तिने मला कागदावर मांडून दाखवले होते. ती आता परदेशी आहे. फोनवर चित्र दिसते, त्यात तिने बाबांना नव्या स्वेटरात पाहिले आणि एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "आई, रंग फार छान आहे गं." रंगच फक्त. मुलगी माझीच, खांद्याची शिवण तिलाही दिसते.

तिच्या त्या गप्प होण्याने माझा निर्णय झाला. ह्यांना आत्ता थंडी वाजते आहे. ढगळ स्वेटराच्या खालून, गळ्याकडून वारा शिरतो. त्यात ऊब ठरत नाही. संक्रांतीला जे अंग येईल त्याच्यासाठी आज कुडकुडायचे, हा काही शहाणपणा नव्हे. आईने तव्यापुढून सांगितले होते तेच, पण मला त्याचा अर्थ उलटा लागत होता. मी आरशात पाहत होते. थंडी वाजणाऱ्याकडे मी पाहिलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी गळपट्टीचे टोक शोधून काढले. उसवताना एक आवाज होतो, फार बारीक, करकर असा. हे वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणाले, "काय करतेस?"

"उसवते आहे."

बराच वेळ पान उलटल्याचा आवाज आला नाही. मग ते उठले, खुर्ची ओढून माझ्यासमोर आणून बसले आणि दोन्ही हात पुढे केले. मी लडी करू लागले. पूर्वी आम्ही मुले आईसमोर अशीच हात धरून बसत असू. उसवलेली लोकर नागमोडी असते. तिची लडी करून, धुऊन, खाली वजन बांधून टांगली की मग ती सरळ होते. तशी विणली तर वीण ओबडधोबड येते. त्यांच्या दोन मनगटांवर राखाडी वेढे चढत गेले. आम्ही फारसे बोललो नाही. एकदा ते म्हणाले, "दोन महिन्यांचं काम गं," आणि मी म्हटले, "हात जरा वर धरा, लोकर जमिनीला लागतेय."

त्यांचे हात अर्ध्या तासात थरथरू लागले. मग उरलेल्या लड्या मी खुर्चीच्या पाठीवर केल्या.

लोकर वाळायला तीन दिवस गेले; पावसाळी हवा. चौथ्या दिवशी मी फीत काढली. "आता तरी उभे राहा," म्हटले. ते उभे राहिले, हात वर केले. मी काखेखालून फीत मागे नेली आणि पुढे आणून दोन्ही टोके जुळवली. इतक्या जवळून त्यांच्या फासळ्या हाताला लागल्या, तेव्हा क्षणभर मला आकडा वाचता आला नाही.

"किती?"

"छत्तीस."

"लग्नात सदतीस होती," ते म्हणाले. "फीत जरा सैल धर की."

मी वही काढली, १९९० च्या खाली चालू वर्ष लिहिले आणि पुढे ३६ लिहिले. लिहिताना ते खांद्यावरून पाहत होते.

"टाके किती घालणार?"

"एकशे चौतीस. पुढे तेवढेच."

"थोडे वाढत्या अंगाचे घाल."

दोन-दोनच्या बॉर्डरला एकदोन टाके मनात आले म्हणून वाढवता येत नाहीत. वाढवायचे तर चारच्या पटीत. चार पाठीला आणि चार पुढे. आठ टाके म्हणजे इंचाहून थोडे अधिक. तेवढ्याने खांदा उतरत नाही. मी १३८ घातले.

हा अंक तुमच्या हाती पडेल तोवर पुण्यात पहाटेचा गारवा सुरू झालेला असेल. पाठ मुंढ्यापर्यंत आली आहे. संध्याकाळी हे फाटकापर्यंत दोन फेऱ्या मारतात, पूर्वी एक मारीत. जेवताना काल त्यांनी पोळी मागून घेतली. अर्धीच, पण मागून घेतली. मी वाढली आणि टाके मोजायला परत गेले.